हेलिकॉप्टर लगेच का येत नाही? दुर्गम भागातलं उड्डाण आणि दुरुस्ती



'आपत्ती व्यवस्थापन' हा पाठ रत्नागिरी जिल्ह्यात शिकवताना चिपळूणचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी शहरात शिरलं. माणसं माळ्यावर, गच्चीवर, कौलांवर जाऊन बसली. रस्ते बंद, रेल्वे बंद, वीज नाही, फोन नाहीत. आज आपल्या वर्गात बसणारी मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण घरातली मोठी माणसं अजून दर पावसाळ्यात त्या रात्रीबद्दल बोलतात आणि मुलं ते ऐकतात. मग वर्गात प्रश्न येतो, "बाई, हेलिकॉप्टर तर हवेतून येतं ना? त्याला रस्ता लागत नाही. मग ते लगेच का नाही आलं?"

प्रश्न साधा वाटतो. पण "पाऊस होता म्हणून" एवढंच उत्तर दिलं, तर मुलाच्या मनात राहतं की कुणीतरी यायचं टाळलं. ज्याच्या घरचं कुणी त्या रात्री अडकलं होतं, त्याच्यासाठी तर हे उत्तर अपुरंच आहे. म्हणून आज आपण हेलिकॉप्टर समजून घेऊ. ते कसं उडतं, दूर कुठेतरी बिघडलं तर काय करतात, आणि "आज उडायचं नाही" असं कोण ठरवतं.

आपल्या आकाशातली हेलिकॉप्टरं

रत्नागिरी शहराजवळच्या विमानतळावर भारतीय तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तटरक्षक दल म्हणजे समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांना, खलाशांना वाचवणारं आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारं दल. या दलाकडे दोन प्रकारची हेलिकॉप्टरं प्रामुख्याने असतात, 'चेतक' आणि 'ध्रुव'.

चेतक हे एक इंजिनाचं, हलकं हेलिकॉप्टर. मूळ आराखडा फ्रान्सचा, नाव 'अलूएत ३'. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीने १९६२ मध्ये फ्रेंच कंपनीशी करार केला आणि १९६० च्या दशकातच आपल्याकडे चेतक बनायला लागलं. पायलट धरून सात माणसं त्यात बसतात. त्याचंच भावंड म्हणजे 'चीता'. उंच डोंगरात उडणारं हेलिकॉप्टर भारताला हवं होतं, त्या गरजेतून फ्रान्समध्ये 'लामा' नावाचं यंत्र तयार झालं आणि आपल्याकडे ते चीता या नावाने बनू लागलं. ध्रुव मात्र आपल्याच देशात आखलेलं आणि बनवलेलं, दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर आहे.

लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट कुठे तयार होतात माहीत आहे? आपल्याच नाशिकला. 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल' तिथे आहे. सियाचीनच्या बर्फात उडणारा पायलट महाराष्ट्रात शिकून गेलेला असतो, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

टर्बाइन म्हणजे काय?

ही सगळी हेलिकॉप्टरं टर्बाइन इंजिनावर चालतात. मुलांना टर्बाइन समजावायला भिरभिरं पुरेसं आहे. कागदी भिरभिऱ्यावर फुंकर मारली की ते फिरतं. फुंकर जोराची तर फिरणं जोराचं. टर्बाइन इंजिनात हीच फुंकर आगीने तयार करतात. कामं चार:

१. बाहेरची हवा आत ओढायची.
२. ती हवा दाबून घट्ट करायची.
३. त्यात इंधन सोडून पेटवायचं. हे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलच्याच जातीचं, पण फार शुद्ध केलेलं.
४. तापून फुगलेली हवा जोरात बाहेर पडताना वाटेतल्या चक्राच्या पात्यांवर आदळते आणि चक्र फिरतं.

गाडीच्या इंजिनासारखे वरखाली जाणारे दट्टे इथे नसतात, सगळं गोल फिरतं. त्यामुळे हे इंजिन लहान आणि हलकं असूनही ताकदवान असतं. चेतकचं 'आर्तूस्त' हे इंजिन सुमारे १८० किलो वजनाचं, आणि त्याची मूळ क्षमता ८७० अश्वशक्तीची. पण हेलिकॉप्टरात ते साडेपाचशेच्या आसपासच चालवतात. बाकीची ताकद हाताशी राखलेली असते, कारण उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर कमी पडतो. तिथे ही शिल्लक उपयोगी येते. पगार पुरेसा असला तरी आपण थोडे पैसे बाजूला ठेवतोच ना, तसंच.

आता एक गंमत. हे इंजिन मिनिटाला साडेतेहेतीस हजार फेरे घेतं. डोक्यावरचा मोठा पंखा मात्र मिनिटाला साडेतीनशेच्या आसपासच फिरतो. म्हणजे इंजिनाच्या साधारण ९५ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी! मधे हे काम करते गिअरबॉक्स. सायकलच्या दोन दातेरी चक्रांचं उदाहरण इथे छान बसतं. इंजिनावर आपण खूप बोलतो, पण दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं लक्ष या गिअरबॉक्सवर असतं. त्याचं कारण पुढे बघू.

एकच इंजिन, आणि ते बंद पडलं तर?

मुलं हे विचारतातच. इंजिन बंद पडलं म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असं बऱ्याच मोठ्यांनाही वाटतं. तसं नाही. पायलट लगेच पात्यांचा तिरकेपणा कमी करतो. हेलिकॉप्टर खाली येत असताना खालून वर जाणारी हवा पंख्याला फिरवत ठेवते. माधवलतेची पंखवाली बी झाडावरून गरगरत खाली येते, ती आठवा. जमीन जवळ आली की पायलट त्या फिरत्या पंख्यातली ताकद वापरून वेग मोडतो आणि टेकतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २१ जून १९७२ चं. फ्रेंच पायलट झाँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! तिथल्या थंडीत इंजिन विझलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. बुले तिथून इंजिनाशिवाय, पंखा हवेवर फिरवत खाली आले आणि सुखरूप उतरले. आपलं चीता म्हणजे तेच लामा.

पण या कौशल्याला एक गोष्ट लागते, खाली उतरायला मोकळी सपाट जागा. सड्यावर ती मिळेल. सह्याद्रीच्या दरीत, दाट जंगलात, पुराच्या पाण्यावर ती मिळत नाही. म्हणून दुर्गम भागात जाणाऱ्या हेलिकॉप्टरात बिघाड होणारच नाही याची काळजी आधी, तळावरच घ्यावी लागते.

दुरुस्ती म्हणजे आधीची तपासणी

आपण गाडी बंद पडल्यावर मेकॅनिककडे नेतो. हेलिकॉप्टरच्या बाबतीत असं चालत नाही. त्याच्या महत्त्वाच्या भागांचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं. इतके तास उडाला की तो भाग बदलायचा, दिसायला चांगला असला तरी. प्रत्येक तासाची नोंद वहीत असते. ती वही म्हणजे त्या यंत्राचं प्रगतिपुस्तकच समजा.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. आपल्याकडे खिडकीचे गज, पत्र्यांचे खिळे, सायकलची साखळी किती लवकर गंजते ते आपण बघतोच. समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात हाच खारा वारा ओढला जातो. आतल्या पात्यांवर मीठ बसलं की इंजिनाचा जोर कमी होतो आणि धातू खराब व्हायला लागतो. म्हणून समुद्रावरून आल्यावर इंजिन शुद्ध पाण्याने आतून धुतात, बाहेरचं अंगही धुतात, सांधे पुसून त्यांना गंजरोधक लावतात. मच्छीमार होडीवरून आल्यावर इंजिनाला गोड्या पाण्याने धुतो, तीच ही समजूत.

आता गिअरबॉक्सची गोष्ट. आत दातेरी चक्रं तेलात फिरत असतात. त्यातलं एखादं झिजायला लागलं तर लोखंडाचे बारीक कण तेलात मिसळतात. पेटी बंद असते, आतलं दिसणार कसं? त्यासाठी तेलाच्या वाटेत एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. कण त्याला चिकटतात, पुरेसे जमले की वीज जोडली जाते आणि पायलटसमोर दिवा लागतो. दिवा लागला की शक्य तितक्या लवकर उतरायचं. मग तंत्रज्ञ ते चुंबक काढून बघतो. केसासारखी मऊ भुकटी असेल तर ती साधी झीज असू शकते. तो ते पुसून, यंत्र चालवून, पुन्हा तपासतो. चमकणारे तुकडे किंवा चपटे कण असतील तर आत काहीतरी मोडतंय, उड्डाण बंद. आपण पाचवीला शिकवतो ते चुंबक इथे माणसांचा जीव वाचवतं!

तंत्रज्ञांच्या आणखी काही सवयी मुलांना सांगण्यासारख्या आहेत.

महत्त्वाचे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचे, मग नटावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. रोज पान्याने तपासावं लागत नाही, डोळ्यांनी कळतं.

काम सुरू करताना हत्यारं मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची. एक स्क्रू ड्रायव्हर जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत हेलिकॉप्टर उडत नाही, कारण तो आत राहिला असेल तर दांड्यात अडकू शकतो. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा असतो. रिकामा खाचा लगेच दिसतो.

पायलट ज्या दांड्यांनी हेलिकॉप्टर वळवतो, त्या भागावर काम झालं असेल तर एकाने केलेलं काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचं. हा अविश्वास नाही. माणसाचे डोळे आपलं स्वतःचं काम तपासताना चुकतात, हे मान्य करून केलेला नियम आहे. आपण शुद्धलेखन शेजारच्याकडून तपासून घेतो तसं.

शेवटी सही. प्रवासी हेलिकॉप्टरांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेला अभियंता सही करतो, सैन्यदलात त्यांची स्वतःची पद्धत असते. "हे यंत्र उडायला योग्य आहे" असं त्या सहीचा अर्थ. ती नसेल तर पायलट कितीही धाडसी असो, पंखा फिरत नाही.

दूर कुठेतरी बिघडलं तर?

एवढं करूनही कधीतरी बिघाड होतोच. हँगर नाही, वीज नाही, सुटे भाग नाहीत, अशा ठिकाणी यंत्र उभं राहिलं तर काय?

आधी छोटी अडचण बघू, बॅटरीची. टर्बाइन सुरू करताना बॅटरीने ते वेगात फिरवावं लागतं. बॅटरी अशक्त असेल तर चक्र हळू फिरतं, हवा कमी येते, पण इंधन तर पेटलेलं असतं. मग आतलं तापमान भलतंच वाढतं आणि काही सेकंदांत टर्बाइनची पाती खराब होऊ शकतात. म्हणून सुरू करताना पायलटची नजर तापमानाच्या काट्यावर असते आणि काटा फार वेगाने चढला तर तो लगेच इंधन तोडतो. स्कूटरसारखं "अजून एकदा मारून बघू" इथे चालत नाही. डोंगरात थंडीने बॅटरी आणखी मंदावते, त्यामुळे काही ठिकाणी पायलट इंजिन बंदच करत नाहीत. पंखा फिरत असतानाच सामान उतरवतात आणि निघतात.

मोठा बिघाड असेल तर तीन वाटा असतात. भाग आणि तंत्रज्ञ तिथे नेऊन जागेवर दुरुस्ती करायची. नाहीतर यंत्र सुटं करून ट्रकने न्यायचं, अर्थात रस्ता असेल तर. किंवा मोठ्या हेलिकॉप्टरखाली दोराने टांगून न्यायचं. यातली दोन खरी उदाहरणं आहेत.

पहिलं सियाचीनचं. जानेवारी २०१८ मध्ये लष्कराचं एक ध्रुव हेलिकॉप्टर बिघाडामुळे खंडा चौकीजवळ बर्फात उतरलं. उंची सुमारे १८,००० फूट. माणसं वाचली, पण यंत्र बर्फात अडकलं. ते परत आणण्याचे आधीचे प्रयत्न फसले. पण यंत्र सोडून दिलं नाही. चौकीवरच्या जवानांनी बर्फात त्याच्यासाठी उड्डाणाची जागा तयार केली, तंत्रज्ञांनी तिथेच खराब भाग बदलले आणि जुलै २०१८ मध्ये लष्कराच्या पायलटांनी ते उडवून तळावर आणलं. विचार करा, त्या उंचीवर चार पावलं चालताना धाप लागते. हातमोजे काढले तर बोटं गारठतात, घातले तर बारीक नट धरता येत नाही. तिथे बसून नट ठरलेल्या जोराने आवळायचा, रेघ ओढायची, हत्यारं मोजायची. नियम डोंगरावरही तेच असतात.

दुसरं केदारनाथचं. आपल्याकडचे कितीतरी लोक चारधामला जातात, त्यामुळे पालकांना हे जवळचं वाटेल. २४ मे २०२४ ला भाविकांना नेणारं एक हलकं हेलिकॉप्टर बिघाडामुळे केदारनाथच्या हेलिपॅडजवळ कसंबसं उतरलं. सगळे सुखरूप राहिले. यंत्र मात्र तिथेच राहिलं. ३१ ऑगस्टला हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली टांगून ते दुरुस्तीसाठी गौचरला न्यायला निघाले. वाटेत टांगलेलं ओझं वाऱ्याने आणि स्वतःच्या वजनाने झोके घेऊ लागलं, मोठ्या हेलिकॉप्टरचा तोल जायला लागला. तेव्हा पायलटने मोकळी जागा बघून ते ओझं सोडून दिलं. कोट्यवधींचं यंत्र दरीत गेलं, पण माणूस एकही गेला नाही.

मुलांना विचारा, यातला कोणता प्रसंग यशस्वी? बहुतेक मुलं पहिला म्हणतील. मग दुसऱ्याबद्दल बोला. यंत्र वाचवण्याच्या हट्टात माणसं गमवायची नाहीत, हा निर्णय त्या पायलटने काही क्षणांत घेतला. तेही यशच आहे.

दुरुस्तीनंतर लगेच प्रवास नाही

जागेवर दुरुस्ती झाली तरी लगेच कुणाला बसवून नेत नाहीत. आधी जमिनीवर इंजिन चालवून बघतात, गळती, आवाज, तापमान तपासतात. मग जमिनीपासून थोडंसंच वर उचलून स्थिर धरतात. थरथर जास्त असेल तर खाली उतरून पुन्हा बघायचं. सगळी पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत, नाहीतर हेलिकॉप्टर थरथरतं. आता त्यासाठी यंत्रं आहेत, पण पूर्वी पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू लावायचे आणि फिरत्या पंख्याजवळ कापडाची पट्टी अलगद न्यायचे. पट्टीवर उमटलेले रंग एकावर एक आले तर पाती बरोबर, खालीवर उमटले तर फरक. खडूचा असा उपयोग आपल्यालाही सुचला नसता!

चेतक समुद्रावर

आता आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण. १७ जून २०२१, चिपळूणच्या पुराच्या महिनाभर आधी, रायगडमधल्या रेवदंड्याजवळ 'एमव्ही मंगलम' हे जहाज अर्धं बुडालं. पावसाळी समुद्र, जहाजावर १६ खलाशी. तटरक्षक दलाचं 'सुभद्रा कुमारी चौहान' हे जहाज दिघीहून निघालं आणि दोन चेतक हेलिकॉप्टरं दमणहून आली. सोळाच्या सोळा खलाशी वाचले.

साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं, एक इंजिनाचं यंत्र खवळलेल्या समुद्रावर स्थिर थांबतं आणि माणसं वर घेतं. बातमीत पायलट दिसतो, दोराने वर येणारा खलाशी दिसतो. पण आदल्या दिवशी ज्याने ते इंजिन धुतलं, चुंबक बघितलं, रेघा तपासल्या, तो दिसत नाही. तो तळावर कान देऊन बसलेला असतो, यंत्र परत येईपर्यंत.

"नाही" म्हणण्याची ताकद

५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं. तिघांचा जीव गेला. तपासात 'स्वॉशप्लेट' हा भाग तुटलेला आढळला. पायलटच्या हातातल्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी ती चकती. ती तुटली की यंत्र ऐकत नाही. त्यानंतर देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर थांबवली गेली. सैन्याला त्यांची रोज गरज असताना, सीमेवर माल पोचवायचा असताना, समुद्रात शोध घ्यायचा असताना, कित्येक महिने ती उभी राहिली. एका यंत्रात दिसलेला दोष दुसऱ्यात नाही याची खात्री होईपर्यंत उडायचं नाही.

वाचवायला जाणाराच कोसळला तर वाचवायची माणसं वाढतात. म्हणून जो "आज नाही" म्हणतो, तोही जीवच वाचवत असतो.

मग मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

आता चिपळूणकडे परत येऊ. त्या रात्री धुवाधार पाऊस होता, ढग डोंगरांना टेकले होते. आपल्या घाटांच्या दऱ्यांत ढग खाली आले की पायलटला समोरचा कडा दिसत नाही. गावागावांत विजेच्या तारा आहेत, त्या तर उजेडातही नीट दिसत नाहीत. वीज गेल्याने खाली दिवे नाहीत. पाण्यामुळे उतरायला जागा नाही. अशात अंधारात गच्चीवरचा माणूस शोधणं म्हणजे शोधणाऱ्यालाही गमावणं. म्हणून नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर २३ तारखेला दिवस उजाडताच मुंबईच्या 'आयएनएस शिक्रा' तळावरून पोलादपूरच्या दिशेने निघालं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, हवाई दल, आणि होड्या घेऊन निघालेले स्थानिक लोक, या सगळ्यांनी मिळून माणसं बाहेर काढली.

मुलाला मी असं सांगेन: "हेलिकॉप्टर यायला निघालं होतं बाळा, पण ते सुखरूप पोचेल तेव्हाच ते तुला सुखरूप नेऊ शकतं. त्यासाठी दिसलं पाहिजे, यंत्र तपासलेलं पाहिजे आणि उतरायला किंवा थांबायला जागा पाहिजे. तोपर्यंत आपण काय करायचं, ते आपल्याला आधी माहीत हवं." यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. उंच जागा कुठली, पिण्याचं पाणी, टॉर्च, शिट्टी, रंगीत कापड कुठे ठेवलंय, हे घराने पावसाळ्याआधी ठरवलं पाहिजे. पहिली रात्र आपली आपल्याला काढावी लागते.

हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं तर

गावात मोकळं मैदान म्हणजे बहुधा शाळेचंच. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- मुलांना इमारतीच्या आत किंवा लांब ठेवा. सुटे पत्रे, प्लास्टिक, टोप्या, सतरंज्या उचलून घ्या. पंख्याच्या वाऱ्याने त्या उडतात.
- धूळ असेल तर आधी पाणी मारा.
- जवळ तारा असतील तर त्या कुठे आहेत ते प्रशासनाला आधीच सांगा.
- पायलट खूण करेपर्यंत जवळ जायचं नाही. जायचं तर समोरून, वाकून. उतारावर वरच्या बाजूने कधीच नाही.
- मागे अजिबात जायचं नाही. शेपटीचा छोटा पंखा मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो, तो डोळ्यांना दिसतच नाही.

वर्गात घेता येतील अशा कृती

१. कागदी भिरभिरं: कागदाची पट्टी अर्ध्यापर्यंत उभी चिरा, दोन पाती विरुद्ध बाजूंना वाळवा, खाली यू-पिन लावा आणि उंचावरून सोडा. मग दोन, तीन पिना लावून बघा. वजन वाढलं की काय होतं?

२. चुंबकाची शोधाशोध: चुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवा. कागदाला चिकटलेले कण भिंगातून बघा. मऊ भुकटी किती, मोठे कण किती?

३. खारा वारा: तीन खिळे घ्या. एक कोरडा, एक मिठाच्या पाण्यात, एक तेल लावून मिठाच्या पाण्यात. आठवडाभर रोज निरीक्षण लिहा.

४. वजनाचं गणित: समजा एका हेलिकॉप्टरला ६०० किलो ओझं चालतं. एक लिटर इंधन सुमारे ८०० ग्रॅम भरतं. २५० लिटर इंधन घेतलं तर ६० किलोची किती माणसं नेता येतील? उत्तर सहा येतं, चाळीस किलो शिल्लक राहतात. मग विचारा, सातवा माणूस उभा असेल तर काय कराल? इथे गणित संपतं आणि खरी चर्चा सुरू होते.

५. हत्यारांची पेटी: कंपासपेटीतल्या प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर काढा. शाळा सुटताना वस्तू त्या जागी ठेवून बघा. काय हरवलंय ते मोजायच्या आधी दिसेल.

शेवटची कृती महिनाभर चालू ठेवा. पेन्सिली हरवायच्या कमी होतात, हा एक फायदा. आणि मोठेपणी यातलं एखादं मूल खरंच हँगरमध्ये उभं राहिलं, तर निघण्याआधी ते हत्यारं मोजेल. वाट बघत असलेल्या कुणाच्या तरी गच्चीवर मग तपासलेलं यंत्र पोचेल.